चिलीला वीस मिनिटं पुरत नाहीत, आणि मांसाला नाव असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'चिली' या टेक्सासकडच्या पदार्थाची पाककृती आली आहे. पाव पान जागा, रंगीत फोटो, वर 'विदेशी चव आता आपल्या घरात' असा मथळा. मी परभणीत छोटी खानावळ चालवतो. त्याआधी बरीच वर्षं कुवेतमधल्या एका अमेरिकी लष्करी तळावरच्या भटारखान्यात होतो, आणि हाच पदार्थ तिथं हंड्या-हंड्यांनी शिजवला आहे. खानावळीत आपलं दैनिक रोज येतं. पहिलं पान गिऱ्हाईक पळवतं, खेळाचं पान पोरं पळवतात, माझ्या वाट्याला पुरवणी उरते. त्यामुळे पुरवणीतली पाककृती मी जरा जास्तच बारकाईनं वाचतो, हे आधीच सांगून ठेवतो.

फोटोत मांस आहे. चांगलं खांद्याचं, शिजून दोरे सुटलेलं बीफ आहे, वर किसलेलं पिवळं चीज. खालच्या मजकुरात मात्र 'आवडीचं मांस किंवा सोया चंक्स' असं आहे. मग दोन चमचे लाल तिखट, अर्धी वाटी टोमॅटो केचप, रात्री भिजवलेला राजमा, झाकण ठेवून वीस मिनिटं, की तयार! साहेब, वीस मिनिटांत आमच्याकडे कांदासुद्धा मनासारखा परतून होत नाही.

आधी मांसाचं बोलतो, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. चिली हा मांसाचा पदार्थ आहे आणि ते मांस बीफ आहे. टेक्सास हा गुराख्यांचा मुलूख, तिथं दुसरं काय शिजणार? सोया घालून कुणी काही केलं तर माझी हरकत नाही, चवीला बरंही लागेल. पण मूळ काय ते सांगून मग पर्याय द्यावा. 'आवडीचं मांस' हे लिहिणाऱ्याच्या सोयीचं आहे, शिजवणाऱ्याच्या नाही. कोंबडी अर्ध्या तासात शिजते. कोवळ्या बोकडाला तासभर लागतो. म्हशीचं मांस निबर असतं, त्याला उघड्या भगुन्यात तीन तासही लागतात. मांसाचं नावच घेतलं नाही तर बाईनं गॅस कधी बंद करायचा?

नाव का घेतलं नसेल ते मला कळतं. राज्यात गायीची कत्तल 1976 च्या कायद्यापासून बंद आहे, आणि मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. ते मांस मी विकत नाही, शिजवत नाही, आणि इथंही त्याबद्दल सांगत नाही. म्हशीचं मात्र कायद्यानं चालतं. जनावराला पशुवैद्याचा दाखला लागतो, कत्तल परवान्याच्या जागी व्हावी लागते, बस्स. आपला देश हेच मांस जहाजं भरभरून व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त आणि आखाती देशांना पाठवतो. मराठवाड्यात ते मुसलमानांकडे शिजतं, दलित वस्त्यांत शिजतं, आणि आणखी कुणाकुणाकडे शिजतं ते खाटकाला माहीत असतं. मटणाच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं. हे सगळे लोक आपलं दैनिक विकत घेतात. त्यांच्या चुलीवरच्या भगुन्यात काय आहे ते छापायला लाजण्यासारखं काही नाही. ज्याला खायचं नाही तो पान उलटेल. मी नाही का, उपवासाच्या थालीपिठाचं पान दर श्रावणात उलटतो? (खरं सांगायचं तर उलटत नाही, वाचतो. भगर आमच्याकडेही आवडते.)

आता तळावरची गोष्ट. तिथल्या मेसमध्ये चिली ठरलेल्या कार्डाप्रमाणे व्हायची: बीफचा खिमा, डब्यातला टोमॅटो, डब्यातला राजमा, डब्यातलीच मसाल्याची पूड. शेकडो माणसांचं जेवण, घड्याळावर चालणारं. खाणारे खूष असत, पण शिजवणाऱ्याला त्यात राम नव्हता. आमचा मुख्य आचारी टेक्सासचा, फौजेतून निवृत्त झालेला, पोटानं मोठा आणि बोलायला थोडका. तो मेसची चिली चाखायचा, मान हलवायचा आणि खात नसे. सुट्टीच्या दिवशी मागच्या शेगडीवर स्वतःपुरतं वेगळं भगुनं चढवायचा. त्यात खिमा नाही, राजमा नाही, डबा नाही. अख्ख्या सुक्या मिरच्या आणि हातानं चिरलेलं मांस. मी शेजारी उभा राहून बघायचो, नंतर मला मिरच्यांचे देठ काढायला बसवलं, आणि त्यानंतर कधीतरी डाव माझ्या हातात आला.

आमच्यात उस्मानाबादकडचा एक माळकरी सहकारी होता. तो मांसाला हात लावायचा नाही, भाजी-भाताची बाजू सांभाळायचा. पण नाक असं होतं, की पलीकडच्या ओट्यावरून ओरडायचा, "जिरं करपायलंय, काढ!" आणि खरंच करपत असायचं. त्याच्यावाचून माझी चिली नीट झाली नसती, हे तो कबूल करणार नाही, मी करतो.

त्या आचाऱ्याच्या तोंडून आणि नंतर वाचून कळलं ते थोडक्यात सांगतो. या पदार्थाचं मोठं गाव सॅन अँटोनियो. तिथल्या मिलिटरी प्लाझा नावाच्या चौकात 1880 च्या सुमाराला मेक्सिकन बाया संध्याकाळी मेजं मांडायच्या, कंदील लावायच्या, घरून शिजवून आणलेली चिली निखाऱ्यावर गरम ठेवून विकायच्या. लोक त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणत. आपल्या उरुसात तंबूबाहेर भगुनी मांडून बसणाऱ्या बाया डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झालं. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचं दुकान लागलं आणि बाकीच्या अमेरिकेला चव कळली. त्याच दशकात विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसानं मिरची वाळवून, दळून, जिरं वगैरे मिसळून तयार पूड विकायला काढली. आज अमेरिकेत 'चिली पावडर' म्हणून मिळते ती अशी मिश्रणाची पूड असते. नुसतं तिखट नव्हे. पुरवणीत दोन चमचे 'लाल तिखट' आलं ते बहुधा इथूनच. अमेरिकन पाककृतीतली दोन चमचे पूड म्हणजे सौम्य मिरची, जिरं, लसूण, ओरेगॅनो सगळं धरून दोन चमचे. तिथं आपल्या दुकानातलं तेजा मिरचीचं तिखट दोन चमचे घातलंत तर ताटावरून माणूस उठून माठाकडे पळेल. आणि तरीही चव येणार नाही ती नाहीच. पुढे सरकारी स्वच्छतेच्या नियमांपायी 1930 च्या दशकाच्या शेवटी त्या बायांची मेजं उठली, आणि 1977 साली टेक्सासच्या विधिमंडळानं चिलीला राज्याचा पदार्थ म्हणून जाहीर केलं. बायांना उठवायचं आणि पदार्थाला मान द्यायचा, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

आता मिरची. या पदार्थाचा जीव इथं आहे. तो आचारी तीन मिरच्या वापरायचा. एक अँचो, म्हणजे पोब्लानो जातीची जाड मिरची पिकवून वाळवलेली, काळसर आणि मनुक्यासारख्या गोडसर वासाची. दुसरी ग्वाहियो, लाल, लांब, रंगाला. तिसरी अर्बोल, बारीक, झणझणीत, थोडीच. इथं परभणीत या कुठून आणणार? पण तीन कामं कोणती ते कळलं की अडत नाही: रंग, गोडसर गर आणि तिखटपणा. रंगाला आणि गराला बेडगी घ्या. सुरकुतलेली, गडद, वाकवली तर न तुटता वळणारी. कडकडीत वाळून फिकी पडलेली नको. एक किलो मांसाला बारा-पंधरा. तिखटाला आपली धर्माबादच्या बाजारातून येणारी तिखट लाल मिरची, चार पुरे. ज्यांच्या घरी जेवताना वेगळा ठेचा लागतो त्यांनी सहा घ्याव्या. अँचोचा गोडसर वास मात्र बेडगीत पूर्ण येत नाही. त्यासाठी मी सात-आठ काळे मनुके मिरच्यांबरोबर भिजवतो. टेक्सासवाला बघेल तर रागावेल, पण चाखेल तर गप्प बसेल.

देठ आणि बिया काढा. तवा तापवून मिरच्या उलथन्यानं दाबत काही सेकंद भाजा, फक्त वास सुटेपर्यंत. काळा डाग पडला की ती मिरची बाजूला टाका, कारण एक करपलेली मिरची अख्खं भगुनं कडू करते. मग गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि त्याच पाण्याच्या घोटानं अगदी गंधासारखं बारीक वाटा. पाण्याची चव आधी बोटानं बघा; कडू असेल तर ओतून द्या, साधं घ्या. मिक्सरमधून काढलं तरी सालं राहतात, म्हणून पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा पिठाच्या चाळणीतून गाळा. आमच्या घरी पाटा आहे, पण आता त्यावर वाटायला कुणी बसत नाही, मीही नाही. या वाटणात टोमॅटो केचप घालणं म्हणजे साखर आणि व्हिनेगर घालणं. कुणाला आंबटपणा हवाच असेल तर दोन पिकलेले टोमॅटो चिरून घाला, शेवटी लिंबू पिळा.

खाटकाकडे गेल्यावर 'एक किलो द्या' म्हणून उभं राहू नका. खांद्याकडचं, म्हणजे दस्तचं मागा. नाहीतर सीन्याचं. रानचं, म्हणजे मागच्या मांडीचं मांस दिसायला देखणं, सलग, पण त्यात नसा-पडदे कमी, चिलीत ते कोरडं आणि भुसभुशीत होतं. दस्तमधले जे पांढरे पडदे पाहून गिऱ्हाईक नाक मुरडतं, तेच मंद आचेवर विरघळून रश्श्याला चिकटपणा देतात. ओठाला ओठ चिकटतो तो त्यामुळे. म्हशीच्या मांसात अमेरिकन बीफपेक्षा चरबी कमी असते, म्हणून मूठभर चरबी वेगळी मागून घ्या आणि जमलं तर एक हाडाची नळी. चरबी बारीक चिरून भगुन्यात वितळवली की तेल लागतच नाही. तुकडे सुपारीहून मोठे, लिंबाहून लहान. खिमा नको. खिम्याला चाळीस मिनिटं पुरतात, मान्य, पण मग चमच्यानं खायचा तो वेगळाच पदार्थ होतो.

तुकडे धुतले असतील तर फडक्यानं कोरडे करा. ओलं मांस भाजत नाही, उकडतं. पाणी शंभर अंशांवर अडकतं आणि मांसाला तांबूस रंग यायला त्याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते, एवढंच त्यातलं शास्त्र. म्हणून लोखंडी कढई चांगली तापवा, चरबी सोडा आणि एका वेळी मूठ-दोन मुठीच तुकडे टाका, एकमेकांना न चिकटता. हलवू नका. तळाला धरलेला तुकडा स्वतःहून सुटला की उलटा. एक बाजू चांगली तांबूस-काळी झाली तरी पुष्कळ. किलोभर मांस असं परतायला तीन-चार घाणे लागतात, आणि लोकांचा धीर सुटतो तो इथंच. सगळं एकदम टाकतात, कढईत राखाडी पाणी सुटतं, मग म्हणतात, हॉटेलसारखी चव येत नाही.

त्याच कढईत दोन मोठे कांदे बारीक चिरून, तळाला धरलेलं खरवडत, लालसर होईपर्यंत परता. मग दहा-बारा पाकळ्या लसूण ठेचून. मग जिरं, कोरडं भाजून कुटलेलं, चांगलं दीड चमचा. अमेरिकेत या पदार्थाच्या वासातला अर्धा वाटा जिऱ्याचा आहे, आणि आपल्याला ते नवं नाही. पण गरम मसाला घालू नका. लवंग, वेलची, दगडफूल काही नको. हात शिवशिवतो, मला माहीत आहे. आमच्या घरात पहिल्यांदा बनली तेव्हा बायकोनं मागून येऊन खडा मसाला टाकायचा बेत केला होता, मी भगुन्यापुढून हललो नाही.

ओरेगॅनो हवा. मेक्सिकन ओरेगॅनो ही झाडानंच वेगळी जात, पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्यांतला तो नव्हे. त्या पुड्या आजकाल प्रत्येक घराच्या फ्रिजच्या दारात पडून असतात, दोन टाकल्या तरी चालतं. पण मी कुंडीतला पानओवा वापरतो. जाड, लवदार पानं, ज्याची भजी करतात तो. क्यूबाकडे त्यालाच ओरेगॅनो म्हणून वापरतात, वासाचं द्रव्य पुष्कळसं तेच. चार पानं अगदी बारीक चिरून शेवटच्या अर्ध्या तासात. जास्त घातलीत तर काढ्याचा वास येईल.

आता मिरचीचं वाटण त्या कांद्यात घालून कडेला तेल सुटेपर्यंत परता, मांस परत टाका, नळी टाका, मीठ, आणि मांस जेमतेम बुडेल एवढं गरम पाणी. एक उकळी आली की आच अगदी बारीक. वर बुडबुडा यावा तर रमतगमत. रटरट उकळलं तर तुकडे आधी आवळतात, मग चिंध्या होतात. झाकण अर्धं उघडं. दोन तासांनी एक तुकडा काढून डावानं दाबा. नाही दबला तर आणखी तास. तोवर पाणी आटलं तर गरमच पाणी घाला. गॅस परवडत नसेल तर कुकर आहे: मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, मग झाकण काढून आणखी अर्धा तास उघडं आटवा. कुकरनं मांस शिजतं, रस्सा मात्र उघड्यावरच जमतो.

आमच्या लग्नांतले आचारी निबर मांसाला कच्च्या पपईचा गर लावतात. बिर्याणीत ठीक आहे. इथं लावू नका. पपई वरवरचं मांस पिठूळ करते आणि आतले पडदे तसेच ठेवते. तीन तासांच्या आचेचं काम ती करू शकत नाही.

दाटपणासाठी तिकडे 'मासा' घालतात, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. ते नसलं तरी भागतं. दोन चमचे ज्वारीचं पीठ कोरडं खमंग भाजून, पाण्यात कालवून, शेवटच्या पंधरा मिनिटांत धार धरून सोडा. मी येसर, म्हणजे आमच्याकडचं भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, घालूनही पाहिलं आहे. येसराच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला ते सुचल्याशिवाय राहतं का? दाटपणा उत्तम येतो, पण येसरातले धणे आणि बाकीचा मसाला पुढे येतो, आणि चिली टेक्सासहून उठून सरळ पाथरीला येऊन बसते. वाईट लागत नाही. पण मग तिला चिली म्हणून वाढू नये, नुसतं मोठ्याचं, म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसाचं, कालवण म्हणावं आणि दोन भाकरी जास्त थापाव्या.

खायला तिकडे मक्याचा पाव असतो. इथं ज्वारीची भाकरी, आणि त्यातही शाळूची. आमच्या कृषी विद्यापीठाच्या 'परभणी मोती' वाणाची ज्वारी मिळाली तर सोनंच. सोयाबीनच्या मागे लागून ज्वारी पेरणारे कमी झाले, बरं पीठ शोधावं लागतं, तो विषय दुसऱ्या पत्राचा. वरून कच्चा कांदा, लिंबू, आणि तिकडच्या आंबट मलईऐवजी फडक्यात बांधून पाणी काढलेलं घट्ट दही. औरंगाबादच्या नान-खलियाशी लोक चिलीची तुलना करतात. मोठ्या डेगेत, पुष्कळ माणसांसाठी शिजणारं मोठ्याचं मांस एवढंच दोन्हींत सारखं. खलियाचं अंग मसाल्याचं आहे. तो तुघलकाच्या फौजेबरोबर दौलताबादला आला असं जुने लोक सांगतात. चिलीचं अंग मिरचीचं. एकात दुसरं शोधू नये.

आणि हो, ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. पण आपल्या मे महिन्यात रात्रभर ओट्यावर ठेवून नव्हे. गॅस बंद केल्यावर परातीत पसरून निववा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ढकला, आणि खाताना पूर्ण उकळी आणा. दिवसा चार तास वीज गेली असेल त्या दिवशी हा उद्योगच करू नका, संध्याकाळी सगळी संपवा. शेजारी असतातच.

राहिला राजमा, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहिणं मला भाग होतं. टेक्सासचा माणूस चिलीत राजमा घालत नाही. टर्लिंग्वा नावाच्या वाळवंटातल्या गावी 1967 पासून चिलीच्या स्पर्धा होतात, आणि तिथल्या मोठ्या स्पर्धेच्या नियमांत राजमा, भात, मॅकरोनी अशी भर घालायला चक्क मनाई आहे. तरी बाकी अमेरिका राजमा घालते, फौजेच्या कार्डावरही होता, आणि खाणारी तोंडं जास्त असतील तर मीही घालतो. आमच्या खानावळीत एक वाटी राजम्यानं तीन ताटं वाढतात. तो धर्माचा प्रश्न नाही.

प्रश्न आपण छापलेल्या कृतीचा आहे. 'भिजवलेला राजमा मांस व टोमॅटोसोबत घालून मंद आचेवर वीस मिनिटं' असं त्यात आहे. लाल राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते नुसतं भिजवून जात नाही आणि मंद आचेवरही मरत नाही, उलट अर्धवट गरम केल्यानं ते आणखी बाधू शकतं. असे मूठभर कच्चे-पक्के दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. परदेशात मंद आचेच्या विजेच्या भांड्यांत शिजवलेल्या राजम्यानं माणसं अशी आजारी पडलेली आहेत. शिवाय टोमॅटोच्या आंबटपणात राजम्याचं साल कडक राहतं, म्हणजे वीस मिनिटांत तो शिजण्याची आशाही नाही. रीत अशी: रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळाखळा उकळा, मग कुकरला बोटानं चिरडेल इतका मऊ शिजवा, आणि चिली पूर्ण तयार झाल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत त्यात सोडा. आपली वीस मिनिटं फक्त इथं बरोबर बसतात.

पुरवणी कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. आमच्याच गल्लीत आहेत. तेव्हा माझं हे पत्र लांब वाटलं तर सॅन अँटोनियोचा मजकूर काढा, बायकोचा किस्सा काढा, नान-खलियाही काढा. पण येत्या रविवारी, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, राजम्याची दुरुस्ती छापा. आणि जागा उरली तर दस्तचं मांस म्हशीचं, असं स्पष्ट लिहा.

आपला,
परभणीचा एक आचारी
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयास स्वतंत्रपणे कळवला आहे.)